‘चालू’ या खुणेमागे

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझं गाव कुंभार पिंपळगाव. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात. दक्षिणेला गोदावरी आणि तालुक्याच्या अंगावरून गेलेला जायकवाडीचा डावा कालवा. गावाच्या नावातच कुंभार आहेत आणि आमचं घरही त्यांतलंच. आजोबांच्या हातचे रांजण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर जायचे. मी मात्र चाकावर बसलो नाही. शिकलो, शहरात एका स्वयंसेवी संस्थेत लागलो आणि गेली पंचवीसेक वर्षं एकच काम करत आलो. गावोगावच्या पाण्याच्या आणि शौचालयांच्या योजना पूर्ण झाल्या, की नंतर त्यांचं काय झालं हे जाऊन पाहायचं. सरकारी भाषेत याला मूल्यमापन म्हणतात. आमची आजी म्हणायची, ‘दुसऱ्याच्या घरचे हंडे मोजायचा पगार मिळतो याला.’

या कामात एक छापील तक्ता असतो. वरच्या बाजूला गावाचं नाव, लोकसंख्या, योजनेचा खर्च, टाकी किती लिटरची, नळ किती, हे सगळं. मग एक प्रश्न येतो, ‘योजना चालू आहे काय?’ पुढे दोन चौकोन. होय आणि नाही. त्यांतल्या एकात बरोबरची खूण करायची आणि पुढच्या रकान्याकडे वळायचं. अशा खुणा मी हजारांनी केल्या असतील. त्यांतल्या एकीबद्दल आज सांगायचं आहे, कारण ती चुकली होती.

२०१२ चा जानेवारी महिना. आमच्या गावाहून मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर एक लहान गाव आहे. नाव घेत नाही, कारण त्या गावाचा यात काही दोष नव्हता. सकाळी अकराच्या सुमाराला पोचलो. चहा झाला, पाणीपुरवठा समितीची मंडळी जमली. टाकीवर चढून पाहिलं, टाकी भरलेली. चार घरांचे नळ सोडून पाहिले, चारही धो धो. एक मावशी हंडा भरत होत्या, त्यांचा फोटो काढला. ‘होय’वर खूण केली आणि रात्रीच्या भाकरीला घरी पोचलो. काम चोख झालं असं मनापासून वाटत होतं.

मे महिन्यात सुट्टीला गावी आलो होतो. बाजारात मागून हाक आली, ‘ओ भाऊ, आमच्या नळाचा फोटू तुम्हीच काढलता ना?’ वळून पाहिलं तर फोटोतल्याच मावशी. मी हसून हो म्हणालो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मंग आता येऊन काढा की.’ नळाला महिना-दीड महिना थेंब नव्हता. गावातली माणसं टँकर मागायला गेली होती, तर त्यांना सांगण्यात आलं, की तुमची योजना चालू आहे, कागदावर तसं लिहिलेलं आहे. ‘कोनं लिव्हलं मंग ते?’ मावशींनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या गावात गेलो. मावशी आणि आणखी सात-आठ जणी एका शेतातल्या विहिरीवर होत्या. विहीर खासगी, मालकाचा हात चांगला म्हणून पाणी मिळत होतं. पण विहिरीत रात्रभरात साठेल तेवढंच. त्यामुळे ज्या आधी येतील त्यांना नितळ पाणी आणि मागून येतील त्यांना गाळ. मावशी तीन वाजता उठून आल्या होत्या. माझ्या घड्याळात तेव्हा साडेपाच झाले होते आणि त्यांची दुसरी खेप चालली होती.

मग जानेवारीत पाणी कुठून आलं होतं? याचं उत्तर मला कोणत्याही कागदात सापडलं नाही. विहिरीवरच्या एका म्हाताऱ्या अप्पांनी ते दोन वाक्यांत सांगितलं. जानेवारीत मी गेलो तेव्हा रब्बीची पाणीपाळी सुटलेली होती. कालवा वाहत होता. आपल्याकडचा दगड म्हणजे काळा कातळ. त्याच्या पोटात पाणी फारसं मावत नाही. मावतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये. कालवा वाहू लागला की हा मुरूम पाझरतो आणि आसपासच्या विहिरींना पाणी चढतं. कालवा बंद झाला, ऊस-मोसंबीचे पंप सुरू झाले, की तेच पाणी महिन्याभरात खाली जातं. गावाची योजना चालू नव्हती, कालवा चालू होता. मी कालव्याला ‘होय’ची खूण करून आलो होतो.

अहवालात दुरुस्ती करावी म्हणून मी पत्र लिहिलं. अहवाल तोवर छापून गेला होता. दुरुस्ती पुढच्या फेरीत करू, असं उत्तर आलं. टँकर आला तो माझ्या पत्रानं नाही. गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन तालुक्याला जाऊन बसल्या, तेव्हा आला. आणि त्या पाठचा २०१३ चा उन्हाळा कसा गेला हे जालन्यातल्या माणसाला सांगायला नको. मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या त्या साली.

ही चूक माझी असली तरी नवी नव्हती. इतकंच नाही, तर या चुकीची सगळ्यांत मोठी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातून सुरू होते, आणि ती जालन्यातल्याच फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कठीण खडकात झटपट बोअर घेणारी यंत्रं आपल्याकडे आली. बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात युनिसेफनं अशी यंत्रं आणली. आपल्याकडे जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन होतं, त्यांनीही खेड्यांत बोअर घ्यायला सुरुवात केली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि बोअर घेण्याचा वेग वाढतच गेला. कातळ फोडता आला, पाणी लागलं. पण वर बसवायचे हापसे होते ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांच्या नकला. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार वेळा दांडा हलवणार. इकडे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांड्याला लोंबकळणार. सांधे झिजायचे, खिळी निखळायच्या, दांडे मोडायचे.

१९७० च्या दशकाच्या मध्याला कोणीतरी जाऊन मोजलं. किती हापसे बसवले हे मोजलं नाही, आज त्यातले किती चालू आहेत हे मोजलं. उत्तर असं आलं, की कोणत्याही एका दिवशी पाहिलं तर साधारण चारांतले तीन हापसे बंद. विचार करा. बोअर होते, पाणी होतं, खर्च झालेला होता, कागदोपत्री गावं पाण्यानं न्हाऊन निघाली होती. आणि बाई हंडा घेऊन जुन्या आडाकडेच चालली होती.

पण या मोजणीचा उपयोग झाला, म्हणून मला ती गोष्ट आवडते. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी रोजच्या मोडतोडीला कंटाळून एक पोलादी हापसा आधीच तयार केला होता. अनेक सांध्यांऐवजी दांड्याला एकच खीळ आणि आतला रॉड साखळीनं सरळ वर ओढायचा. त्याला ‘जालना पंप’ म्हणत. पुढे सोलापूरला त्यात सुधारणा झाली, तो ‘सोलापूर पंप’. या पंपाचा पाया धरून युनिसेफ, सरकार आणि अभियंत्यांनी मिळून नवा हापसा आखला, कोइमतूरच्या बाजूला तो गावांत बसवून तपासला आणि १९७७-७८ च्या सुमाराला रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. तोच ‘इंडिया मार्क टू’. चौकोनी डोक्याचा, लांब दांड्याचा, तीन पायांवर उभा असलेला जो हापसा तुमच्या शाळेजवळ होता, तो हाच. त्याच्या आराखड्यावर कोणाची मालकी ठेवली नाही, त्यामुळे देशात आणि देशाबाहेर तो कोणीही बनवू शकत होता. युगांडात त्याचीच आवृत्ती ‘यू-टू’ नावानं चालते. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात बाई दांडा दाबते, त्यात थोडं जालनं आहे.

या हापशालाही दोष होता. तो मोडायचा कमी, पण मोडला की आतले सगळे पाइप वर ओढावे लागत. त्याला तिकाटणं, खास पाने आणि तालुक्याची गाडी हवी. गाडी येईपर्यंत गाव वाट पाहत बसे. मग पुन्हा पाहण्या झाल्या आणि १९८० च्या दशकात ‘मार्क थ्री’ आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर काढून वॉशर बदलता येतो. म्हणजे हापसा सुधारत गेला, तो कोणीतरी ‘बंद’ हा शब्द प्रामाणिकपणे लिहिला म्हणून.

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांनी पिण्याच्या पाण्याचं आणि स्वच्छतेचं दशक म्हणून पाळलं. जगभर पैसा ओतला गेला आणि साहजिकच जो तो विचारू लागला, की रोगराई किती कमी झाली? त्या सुमाराला, १९८३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं एक लहानशी पुस्तिका काढली. पाणी आणि शौचालयाच्या योजना तपासण्याची किमान पद्धत तिच्यात सांगितली आहे. माझ्या मते या विषयावर इतकं शहाणपणाचं फार कमी लिहिलं गेलं आहे. ती म्हणते, आधी योजना चालते का ते पाहा. चालत असेल, तर लोक ती वापरतात का ते पाहा. ही दोन्ही उत्तरं होकारार्थी आली तरच रोगांचा हिशेब करायला बसा. नळाला पाणीच नसेल तर जुलाबाच्या केसेस मोजून काय करणार?

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मोठ्या सभेत कोणीतरी विचारतं, ‘या योजनेनं लोकांच्या आरोग्यात काय फरक पडला?’ प्रश्न भारदस्त आहे. पण त्याचं उत्तर काढणं अतिशय अवघड. एका वर्षी पाऊस जास्त, एका वर्षी गोवराची साथ, एका वर्षी नवी नर्सबाई आली आणि नोंदी नीट होऊ लागल्या, म्हणून आजार ‘वाढले’. आफ्रिकेतल्या लेसोथो या डोंगराळ देशात ब्रिटिश अभ्यासकांनी गावांच्या नळयोजनांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७८ चं आहे. नळ आले तरी जुलाबाच्या आजारात म्हणावा तसा फरक दिसला नाही. कारण साधं होतं. नळ चौकात होता, घरात नव्हता. बाई पूर्वी जेवढं पाणी आणायची तेवढंच आताही आणत होती. हात धुवायला, पोरांना आंघोळ घालायला जास्तीचं पाणी घरात आलंच नव्हतं. म्हणून पाणी किती आणि किती लांबून, हे दोन आकडे आधी घ्यावेत. आपल्याकडे कितीतरी वर्षं निकष असा होता, की १.६ किलोमीटरच्या आत पाणी असलं तर गावाची सोय झाली. हा आकडा म्हणजे एक मैल. ज्यानं तो ठरवला, त्यानं भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तो एकदा चालायला हवा होता.

आता २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर हा हिशेब आहे. त्याची मुदत आधी २०२४ ची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. घरात नळ येणं ही मोठी गोष्ट आहे, मी ती अजिबात कमी लेखत नाही. पण ५५ लिटर तपासायचे कसे, ते सांगतो. पाच माणसांचं घर धरा. रोजचे झाले २७५ लिटर. आपला हंडा साधारण पंधरा लिटरचा, म्हणजे अठरा हंडे. आता पाणी चार दिवसांनी एकदा येत असेल, तर त्या एका वेळी या घरानं ११०० लिटर भरून ठेवायला हवं, म्हणजे त्र्याहत्तर हंडे. बंगल्याच्या गच्चीवर टाकी आहे, तिथं ते होईल. पण पत्र्याच्या दोन खोल्यांत एक रांजण, एक दोनशे लिटरचा ड्रम आणि पाच-सहा हंडे-कळशा, सगळं मिळून चारशे लिटर. चार दिवस, पाच माणसं, माणशी वीस लिटर. नळ दोन्ही घरांत आहे, पाणी एकाच वेळी सुटतं, पाणीपट्टी सारखीच आहे आणि मीटरवर पाहिलं तर गावाला पुरेसं पाणी दिलेलं आहे. तरी या घराच्या वाट्याला अर्ध्याहून कमी. हे नळ मोजून कळत नाही. त्या घरात जाऊन भांडी मोजावी लागतात. आजी म्हणायची ते खरंच होतं.

दुसरं म्हणजे नळाच्या टोकाला जाऊन पाहायचं. गावात गेलं की आपल्याला पहिल्या गल्लीत नेतात. टाकीजवळच्या नळाला पाणी असणारच. शेवटचं घर कुठलं, हे विचारावं. ते बहुधा गावकुसाकडेला असतं आणि तिथं कोण राहतं हे मी सांगायला नको. मधल्या घरांनी नळाला टिल्लू पंप लावलेले असतात, त्यामुळे शेवटच्या घराचा नळ नुसता फुसफुसतो. टीसीएल पावडरचं पोतं कधी फोडलं तेही विचारावं, आणि क्लोरीनची तपासणी त्याच शेवटच्या नळावर करावी.

आणि गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटावं. व्हॉल्व्ह फिरवणारा, मोटर चालू-बंद करणारा हा माणूस कुठल्याही उद्घाटनाच्या फोटोत नसतो. त्याला मानधन किती आणि शेवटचं कधी मिळालं, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. चार-पाच महिने थकलं असेल तर योजनेचे दिवस भरले असं समजावं. वीजबिलाचंही तसंच. मी पाहिलेल्या बंद योजनांतल्या कितीतरी अशा, की पाणी होतं, मोटर चांगली होती, पण बिल थकलं आणि जोडणी तुटली. टाकी बांधायला पैसा येतो. ती रोज भरायचा खर्च मात्र पाणीपट्टीतून निघायला हवा असतो, आणि जिथं चार दिवसांनी पाणी येतं तिथं पाणीपट्टी कोण भरणार? खातं या गाठीपाशीच अडकतं. ‘योजना घसरली’ असा एक शब्दप्रयोग सरकारी कागदांत असतो. पूर्ण झालेलं गाव पुन्हा अपुऱ्यांच्या यादीत गेलं, की असं म्हणतात. जणू पाय घसरावा तसं ते अचानक झालं.

शौचालयांबद्दल बोलायला हवं. २००० साली आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा मी तरुण होतो. गावं खरोखर झाडून निघाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सरकारी पैशाची वाट न पाहता लोकांनी हातात खराटा घेतला. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आले, २०१४ मध्ये स्वच्छ भारत आलं आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. या काळात लाखांनी शौचालयं झाली. आमच्या तक्त्यात प्रश्न असायचा, ‘घरात शौचालय आहे काय?’ आहे. होय. पुढे चला.

मी हळूहळू दार उघडून पाहायला शिकलो. आत पऱ्हाट्या रचलेल्या असतात, नाहीतर गोवऱ्या, नाहीतर खताची पोती. दाराच्या वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं असलं तर वेगळं विचारायची गरजच नाही. वापरातल्या शौचालयाकडे जाणारी वाट मळलेली असते, दारात चप्पल असते, आत ओली बादली आणि मग असतो. ‘तुम्ही शौचालय वापरता का?’ असं विचारलं, तर कुठलाही शहाणा माणूस परक्यासमोर हो म्हणणार. त्याऐवजी, ‘आज सकाळी घरातलं कोण कुठं गेलं होतं?’ असं सहज विचारलं की चित्र उलगडतं. सून आणि लेक आत, सासरे शेतात, लहान पोरगं दारापुढच्या नालीवर. एकाच घरात ‘होय’ही आणि ‘नाही’ही. बक्षीस मिळालेल्या गावांच्या नंतरच्या पाहण्यांतही हेच निघालं.

खड्ड्याचीही एक गोष्ट आहे. दोन लहान खड्ड्यांचं शौचालय हे उत्तम तंत्र. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्याचं वर्ष-दीड वर्षात कोरडं, वास नसलेलं खत होतं. पण लोक एकच खोल, मोठा हौदासारखा खड्डा खणतात, आणि खर्च झाला म्हणून तो जपून वापरतात. ‘भरला तर उपसायचा कोणी?’ हा प्रश्न प्रत्येक घरात मनात असतो. तो तंत्राचा प्रश्न नाही, जातीचा आहे. आणि कुठल्याही छापील तक्त्यात मी तो आजवर पाहिलेला नाही.

शिवाय मे महिना आहेच. पाणी डोक्यावरून आणावं लागलं, की घरात सगळ्यांत आधी बंद पडतं ते शौचालय. तीन वाजता उठून आणलेल्या हंड्यातलं पाणी तिथं कोण ओतणार? म्हणून पाण्याची योजना आणि शौचालयाची योजना वेगवेगळ्या तपासायच्या, हेच मला पटत नाही. पण खाती वेगळी, साहेब वेगळे, तक्ते वेगळे.

कधीकधी चूक खुणेत नसते, न विचारलेल्या प्रश्नात असते. बांगलादेशात तळ्या-डबक्यांचं दूषित पाणी सोडून लोकांनी कूपनलिकांचं पाणी प्यावं म्हणून कितीतरी वर्षं मोहीम चालली. मोहीम यशस्वी झाली. कूपनलिका चालू होत्या, लोक वापरत होते, दोन्ही रकान्यांत ‘होय’. आणि १९९३ मध्ये लक्षात आलं, की त्या पाण्यात आर्सेनिक आहे. रोगजंतू शोधणाऱ्या कोणाला ते तपासायचं सुचलंच नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, एवढं कळतं तर खुणा चुकतात कशा? खरं सांगू का, ‘होय’ लिहिलं की कोणी काही विचारत नाही. ‘नाही’ लिहिलं की फोन सुरू होतात. गावाला वाटतं, आपलं बक्षीस जाईल. ठेकेदाराचं शेवटचं बिल अडकतं. साहेबांना वर उत्तर द्यावं लागतं. आमच्यासारख्यांना दहा दिवसांत चाळीस गावं उरकायची असतात आणि पैसे गावामागे मिळतात, खरेपणामागे नाही. पाहणीचा महिनाही बहुधा डिसेंबर-जानेवारीच असतो. हवा छान, रस्ते कोरडे, मार्चपूर्वी पैसे खर्ची पडतात. विहिरींना पाणी असतं. मी त्या जानेवारीत फसलो, तसे त्या जानेवारीत महाराष्ट्रात किती जण फसले असतील, देव जाणे.

आमच्याकडे मडकं घ्यायला आलेला माणूस आधी ते बोटानं वाजवून पाहायचा. खणखणीत वाजलं की खूश. आजोबा त्याला म्हणायचे, घरी जाऊन रात्रभर पाणी भरून ठेव, सकाळी खालची जमीन बघ, ओल दिसली तर परत आण. बारीक चीर वाजवून कळत नाही. माझं सारं आयुष्य मडकी वाजवण्यात गेलं, असं त्या मे महिन्यानंतर बरेच दिवस मला वाटत होतं.

तेव्हापासून मी एक करतो. ज्या गावात हिवाळ्यात जातो, तिथं उन्हाळ्यात स्वतःच्या पैशानं एकदा पुन्हा जातो. सगळीकडे जमत नाही, पण पाचांतल्या एका तरी गावात जातो. आणि समितीला भेटायच्या आधी पाणी भरणाऱ्या बाईला भेटतो.

मावशींच्या गावात परवा पुन्हा जाणं झालं. फाल्गुन होता. आता तिथं नवी योजना झाली आहे, घरोघरी नळ आहेत. मावशी थकल्या आहेत, पाणी आता सूनबाई भरते. मला पाहून त्यांनी ओळखलं. ‘काय भाऊ, फोटू काढायचा का?’ म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या. मी तक्ता काढला, पेन त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, मावशी, काय लिहू? त्यांनी नळाकडे पाहिलं, मग कालव्याच्या बाजूला पाहिलं. म्हणाल्या, ‘चालूय, लिव्हा. पन त्याच्याम्होरं हेबी लिव्हा, चैत लागूस्तोर.’

तक्त्यात त्याला जागा नव्हती. मी कडेच्या कोऱ्या पट्टीत लिहिलं. चार दिवसांनी माहिती संगणकात भरणाऱ्या मुलाचा फोन आला. ‘सर, या गावाला होय भरू का नाही?’ मी त्याला म्हटलं, दोन्ही चौकोन सध्या कोरे ठेव. मे महिन्यात जाऊन येतो, मग सांगतो.